ओटीवर एकच नट, खोताच्या घरातले चौघे

‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या ब्रिटिश विनोदी चित्रपटात एक दूरचा नातलग ड्यूकपदासाठी घराण्यातल्या वारसांचा काटा काढत जातो. त्या घराण्यातली आठ माणसं अ‍ॅलेक गिनेस यांनी एकट्याने केली. चर्चमधल्या दृश्यात त्यातली सहा एकत्र बसलेली दिसतात. कॅमेरामन डग्लस स्लोकोम्ब यांनी भिंग झाकून एकेक भागच उघडा ठेवला आणि तीच फिल्म मागे फिरवून पुन्हा पुन्हा चालवली. कॅमेऱ्याला धक्का लागू नये म्हणून ते रात्री त्याच्याजवळच झोपले. सगळी मदार त्या न हललेल्या कॅमेऱ्यावर!

कोकणातल्या ओटीवर मोबाइलने चौघे सहज जमतात: मोबाइल न हलवता एकाच नटाला वेगवेगळ्या वेशात, वेगवेगळ्या जागी चार वेळा टिपायचं आणि ते भाग नंतर एडिटिंगमध्ये शेजारी शेजारी जोडायचे. सारवलेल्या जमिनीत स्टँडचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली सपाट चिरा ठेवा आणि मधल्या दांड्याला ५ किलो वाळूची पिशवी टांगा. चार्जर आधीच लावून ठेवा. रेकॉर्डिंग ब्लूटूथ रिमोटने सुरू करा, स्क्रीनला बोट लागलं तरी चौकट सरकते.

काम अंधार पडल्यावरच करा. दिवसा वेश बदलेपर्यंत ऊन पुढे सरकतं आणि चौघांच्या भिंती चार रंगांच्या दिसतात. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. शटर १/५० सेकंद ठेवा, म्हणजे दिव्याची लुकलुक येत नाही. पंखा बंद, झोपाळा बांधलेला.

दोघांमधली शिवण, म्हणजे दोन भाग जुळतात ती रेघ, ओटीच्या खांबावर घ्या. नटाचा हात किंवा सावली खांब ओलांडून गेली की तिथेच कापली जाते. पावसाळ्यात दिव्यावर पाखरं जमतात. शिवणीवरून उडालेलं पाखरू अर्ध्यातच नाहीसं होतं. म्हणून प्रत्येकाचे तीन टेक घ्याच. शेवटी रिकाम्या ओटीचे ३० सेकंद घेऊन ठेवा, डाग झाकायला तेच कामी येतात.

आधी गुळगुळीत चेहऱ्याचा धाकटा, मग सुरकुत्या, मिशीवाले खोत सगळ्यांत शेवटी. स्पिरिट गम (खोटी मिशी चिकटवायचा गोंद) काढल्यावर ओठावरची कातडी लाल होते, ती धाकट्याच्या तोंडावर लपत नाही. दमट हवेत घामाने मिशीची टोकं सुटतात. ओठ कोरडा पुसून, पावडर न लावता गम लावा आणि तो चिकट होईपर्यंत थांबा.

चौघांचे संवाद आधीच एका फाइलमध्ये रेकॉर्ड करा आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात इअरफोन घालून नटाला ऐकवा. समोरच्याचे डोळे जिथे येतील, त्या उंचीवर सुतळीला सुपारी बांधून टांगा. ती समोरच्याच्या भागात येते, त्यामुळे जोडताना आपोआप कापली जाते. सुपारी नसली की नट समोरच्याच्या छातीशी बोलतो.