पुनर्वापराच्या खडीचे काँक्रीट भरलेला पोलादी स्तंभ: तुळईच्या सांध्याची भूकंपचाचणी कशी घ्यावी

पाडलेल्या इमारतीचे काँक्रीट फोडून केलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती जास्त पाणी शोषते आणि तिच्या काँक्रीटचा ताठपणा कमी पडतो. पोलादी नळीत मात्र हेच काँक्रीट चांगले काम देते, कारण नळी त्याला आवळून धरते आणि ते नळीचा पत्रा आत दुमडू देत नाही. कसोटी लागते ती तुळईच्या सांध्याची; १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर अनेक पोलादी चौकटींचे वेल्ड याच जागी तडकलेले आढळले.

भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम २५ (२५ मेगापास्कल ताकदीच्या) दर्जापर्यंतच, अशी खडी २० टक्क्यांपर्यंत चालवून घेते. त्याहून अधिक प्रमाण तपासायचे असेल, तर त्याच मापाचा नैसर्गिक खडीचा नमुना जोडीला हवाच.

खडी आधी भिजवून, तिचा पृष्ठभाग सुकल्यावर मिश्रणात घालावी. सांध्याच्या पातळीवर नळीच्या आत आडव्या पट्ट्या असतील, तर मधल्या छिद्राशिवाय कोपऱ्यांतही हवा निघायला छिद्रे ठेवावीत. पट्टीखाली अडकलेली हवा हा मला या कामातला सर्वांत फसवा दोष वाटतो. काँक्रीट कठीण झाल्यावर नळी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळीवर पत्रा खणखणतो.

चाचणीत स्तंभावर अक्षीय भार स्थिर ठेवून तुळईचे टोक जॅकने आळीपाळीने वर-खाली न्यावे. अमेरिकेच्या एआयएससी ३४१ मानकात ०.००३७५ रेडियनच्या (रेडियन हे कोनाचे एकक; इथे तुळई स्तंभाच्या तुलनेत जितकी फिरते तो कोन) ६ फेऱ्यांपासून सुरुवात होते आणि विशेष चौकटीच्या (मोठ्या भूकंपात खूप वाकूनही टिकावी अशा चौकटीच्या) सांध्याने ०.०४ रेडियनला तुळईच्या प्लास्टिक आघूर्णाच्या (तिचा पूर्ण छेद कायमचा वाकू लागतो त्या आघूर्णाच्या) किमान ८० टक्के प्रतिकार टिकवावा लागतो. स्तंभाच्या मध्यापासून जॅक १.५ मीटरवर असेल, तर ०.०४ रेडियन म्हणजे ६० मिलिमीटर वर आणि तितकेच खाली.

तुळईला आधीच चुन्याचा पातळ हात द्यावा. पोलाद जिथे नमते, म्हणजे कायमचे ताणले जाते, तिथे चुन्याचे पापुद्रे सुटतात. ते वेल्डपासून थोडे दूर, तुळईवर सुटले तर उत्तम. भार-विस्थापनाचे वेढे (भार आणि टोकाची हालचाल यांच्या आलेखावर प्रत्येक फेरीत उमटणारी वळणे) भरदार असतील तर सांधा ऊर्जा जिरवतो आहे. मध्यावर चिमटलेले वेढे घसरण किंवा आतले तडे सुचवतात. अशा वेळी अंदाज बांधत न बसता सांध्याजवळची नळी कापून उघडावी आणि पट्टीखालचे काँक्रीट प्रत्यक्ष पाहावे.