बॉयलरच्या नळीसाठी हाय एन्ट्रॉपी अलॉयचा स्प्रे: आधी कूपन (चाचणीचा तुकडा) नीट मारा

एम.टेक.ची मुलं आमच्या स्प्रे बूथवर पावडरची बाटली घेऊन येतात आणि थेट गनचं सेटिंग विचारतात. मी आधी पावडरचं सर्टिफिकेट मागतो.

तुम्ही अ‍ॅल्युमिनियम, कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड आणि निकेल समान अणुप्रमाणात असलेली पावडर एचव्हीओएफने, म्हणजे अतिवेगवान ज्वाळेच्या गनने, मारणार, असं धरतो. हाय एन्ट्रॉपी अलॉय म्हणजे पाचेक धातू जवळपास समान प्रमाणात असलेलं मिश्रण. त्यावर येह आणि कँटर या संशोधकांचे पेपर २००४ साली आले, त्यानंतर भरपूर तपासलं गेलेलं हे मिश्रण. समान अणू म्हटलं तरी वजनं समान नसतात. अ‍ॅल्युमिनियम हलकं, वजनात ते जेमतेम १०.७ टक्के भरतं. सर्टिफिकेटवर वजनाने २० टक्के दिसलं तर बाटली परत करा. पावडर गॅस अ‍ॅटमाइझ्ड (वितळलेला धातू गॅसच्या झोताने फोडून केलेली, गोल कणांची), १५ ते ४५ मायक्रॉनची हवी. बॉल मिलमध्ये घरीच बनवलेली चपटी पावडर फीडरमध्ये अडकते आणि मग दोष गनवाल्याला! मारण्याआधी ओव्हनमध्ये सुकवून घ्या.

कूपन टी-२२ स्टीलचं घ्या, नळीचंच स्टील. अ‍ॅसिटोनने पुसा, अ‍ॅल्युमिनाच्या ग्रिटने ब्लास्ट करा, कॉम्प्रेस्ड हवेने धूळ उडवा आणि त्यानंतर उघड्या बोटाने अजिबात हात लावू नका. स्प्रे त्याच पाळीत उरका. दुसऱ्या दिवसावर टाकलेल्या कूपनवर पावसाळ्यात गंज चढलेला असतो.

गन साधारण २५ सेंटिमीटरवर धरा. एका पासमध्ये जाड थर चढवायचा मोह टाळा. पातळ पास द्या, मधे हवेने थंड करा, २०० ते ३०० मायक्रॉन झाले की थांबा. मास्क आणि कानाला मफ लावाच. कोबाल्ट-निकेलची धूळ फुप्फुसाला वाईट.

आता खरी गोम. ज्वाळेत सगळ्यांत आधी अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड होतं. समान वाटा असताना हे मिश्रण बीसीसी (अणूंची एक कठीण रचना) राहतं आणि ओतीव तुकड्याची कठिणता ५०० व्हिकर्सच्या आसपास भरते. अ‍ॅल्युमिनियम कमी झालं की मऊ एफसीसी रचनेकडे झुकतं. म्हणजे बाटलीत एक अलॉय आणि कूपनवर दुसरंच, असं होऊ शकतं. म्हणून एक्सआरडी (क्ष-किरणांनी अणूंची रचना दाखवणारा पॅटर्न) पावडरचा आणि लेपाचा, दोन्हींचा काढा. फक्त पावडरचा पॅटर्न छापणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सेक्शन कापताना चाक लेपाकडून स्टीलकडे जाऊ द्या. उलटं कापलं की लेप उचकटतो आणि चिकटला नव्हता असा खोटा निष्कर्ष निघतो. इपॉक्सीत माउंट करून पॉलिश करा, मायक्रोस्कोपखाली छिद्रं आणि ऑक्साइडच्या काळसर रेघा पाहा.

चंद्रपूर, कोराडीला जळणाऱ्या कोळशात राख भरपूर, आणि तिच्यातला क्वार्ट्झ नळ्या घासत राहतो. त्यामुळे इरोजन (कणांच्या माऱ्याने झिजण्याची) चाचणी कण ९० अंशांच्या कोनात आदळवून उरकू नका, ३० अंशांवरही घ्या, आणि जमलं तर तापवून. तुलनेसाठी शेजारी क्रोमियम कार्बाइड-निकेल क्रोमच्या लेपाचं कूपन ठेवाच. नुसत्या घासण्यात ते कार्बाइड अजून भारी पडेल असं मी धरून चालतो. या अलॉयकडून माझी अपेक्षा आहे ती उष्णतेत टिकण्याची. घट मात्र ग्रॅममध्ये लिहून मोकळे होऊ नका. दोन्ही लेपांची घनता वेगळी, तेव्हा किती घनमिलिमीटर गेलं ते काढा.