पितृत्व रजा: कोणाकडे मागावी, कधी घ्यावी आणि कशी वापरावी

बाळाच्या जन्मानंतर वडिलांना पगारी रजा मिळते का, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणाच्या नोकरीत आहात यावर ठरते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन कार्यालयांपैकी एकात पंधरा दिवस मिळतात आणि दुसऱ्यात एकही मिळत नाही, असे सहज घडते. त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालावर प्रसूतीची अपेक्षित तारीख आली की डोहाळजेवणाच्या तयारीआधी स्वतःच्या रजेचा हिशेब मांडावा. मिळणारे दिवस बहुतेकांना थोडेच असतात. ते कोणत्या आठवड्यात खर्च करायचे हे नीट ठरवले, तर त्या थोड्या दिवसांचा उपयोग पुष्कळ होतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. टपाल, आयकर, सीमाशुल्क अशा खात्यांतील पुरुष कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ४३-अ नुसार १५ दिवसांची पितृत्व रजा पूर्ण पगारासह मिळते. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असणे ही तिची अट आहे. ही रजा प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही घेता येते, ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि तिला अर्जित रजेसारखी दुसरी रजा जोडता येते. सहा महिन्यांत घेतली नाही तर मात्र ती बुडते. एक वर्षाच्या आतील मूल दत्तक घेणाऱ्या वडिलांनाही १५ दिवस मिळतात आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर सरोगसीने वडील होणाऱ्यांचाही यात समावेश झाला आहे. शिकाऊ (अप्रेंटिस) कर्मचाऱ्यांनी संकोच करू नये, कारण नियमात त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी बँकांतही व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील द्विपक्षीय करारानुसार १५ दिवसांची पितृत्व रजा आहे.

राज्य सरकार, महापालिका आणि जिल्हा परिषद यांच्या कर्मचाऱ्यांनी केंद्राचा नियम आपल्याला आपोआप लागू होतो असे समजू नये; ही गल्लत फार जणांकडून होते. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत आणि त्यानुसार वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा खात्यात जमा होते. बाळंतपणासाठी तीच राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने आलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा महिलांबरोबर काही पुरुष कर्मचाऱ्यांनाही मिळते, मात्र ज्यांची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे, त्यांच्यापुरतीच. आपल्या पदाला नेमके काय लागू आहे, हे आस्थापना शाखेतून लेखी घ्यावे. सहकाऱ्याने सांगितलेल्या आठवणीवर विसंबू नये.

खासगी नोकरीत वडिलांना रजा द्यायला भाग पाडणारा कायदा देशात नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची रजा २६ आठवड्यांची झाली, पण वडिलांचा विचार तेव्हाही झाला नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले. त्यात खासगी आणि असंघटित क्षेत्रातील वडिलांसाठीही १५ दिवसांची आणि पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा सुचवली होती. ते विधेयक कायद्यात उतरले नाही आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही उणीव तशीच राहिली, याचे वाईट वाटते. काही कंपन्यांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. तुर्भ्यात मोठे दुकान असलेल्या आयकियाने भारतात आई आणि वडील दोघांनाही सहा महिन्यांची रजा देण्याचे धोरण आणले, तर झोमॅटोने २०१९ मध्ये दोघांना २६ आठवडे जाहीर केले. म्हणजे इच्छा असली की व्यवसाय सांभाळून हे जमते.

म्हणून खासगी नोकरीत पहिले काम म्हणजे नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजा धोरण शोधून वाचणे. त्यात चार गोष्टी पाहाव्यात: दिवस कॅलेंडरचे मोजले जातात की कामाचे, रजा एकदम घ्यावी लागते की तुकड्यांत चालते, जन्मानंतर किती महिन्यांपर्यंत ती वापरता येते, आणि नोकरीत किती काळ झालेला असावा लागतो. पहिली बाब क्षुल्लक नाही. कॅलेंडरचे १५ दिवस म्हणजे मधले शनिवार-रविवार धरून जेमतेम दोन आठवडे. कामाचे १५ दिवस म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात पूर्ण तीन आठवडे.

धोरणात पितृत्व रजा नसेल, तर हक्काच्या इतर रजा जोडून ती उभी करावी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथल्या कामगाराला वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात. त्या तिमाहीनुसार जमा होतात आणि वर्षअखेरीस बुडतात. वर्षात २४० दिवस काम झाले असेल, तर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बाळ पुढच्या फेब्रुवारीत अपेक्षित असेल, तर गणपतीला गावी जाताना अर्जित रजा न काढता बुडणाऱ्या किरकोळ रजा आधी वापराव्यात. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांना इतकेही हाती लागत नाही. त्यांनी मुकादमाशी आधीच बोलून बदली माणूस ठरवावा आणि बिनपगारी दिवसांसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी.

आता रजा कधी घ्यावी याविषयी. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. पत्नी सातवा महिना उलटल्यावर कराडला किंवा चिपळूणला गेलेली असते, बाळ तिकडेच जन्मते आणि वडील पहिल्याच आठवड्यात सगळी रजा घेऊन सासुरवाडीला जाऊन बसतात. तिथे आजी असते, मावशी असते, मालीशवाल्या बाई येतात, डिंकाचे लाडू वळून झालेले असतात. त्या भरल्या घरात जावयाला करण्यासारखे फारसे उरत नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी पत्नी बाळाला घेऊन घणसोलीच्या किंवा कळव्याच्या घरी परतते, तेव्हा मदतीला कोणीही नसते आणि वडिलांची रजा संपलेली असते. माझे स्पष्ट मत आहे की जन्माच्या वेळी चार-पाच दिवस आणि बाकीचे सगळे दिवस आई-बाळ घरी परततील त्या आठवड्यासाठी, अशी वाटणी करावी. बारशासाठी एक रविवार पुरतो. जिथे तुकडे चालत नाहीत, तिथे जन्माच्या वेळी किरकोळ किंवा अर्जित रजा घ्यावी आणि पितृत्व रजा मागे ठेवावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत असल्याने हे सहज साधते.

या वाटणीला दोन अपवाद आहेत. सिझेरियन झाले असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असून काचेच्या पेटीत ठेवलेले असेल, तर पहिल्या दिवसापासून वडिलांची गरज असते आणि तेव्हा मागचा-पुढचा विचार करू नये. बाळंतपण नवी मुंबईतच होणार असेल आणि आजी महिनाभर राहायला येणार असेल, तर ती परत जाईल त्या दिवसापासून रजा सुरू करावी.

अर्ज अपेक्षित तारखेच्या किमान दोन-अडीच महिने आधी द्यावा. आधी वरिष्ठांशी तोंडी बोलावे आणि त्याच दिवशी लेखी पाठवावे. मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

“महोदय, माझ्या पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख डॉक्टरांनी १८ ऑगस्ट अशी दिली आहे. संस्थेच्या रजा धोरणानुसार मला देय असलेल्या पितृत्व रजेपैकी पाच दिवस मी प्रसूतीच्या दिवसापासून आणि उरलेले दिवस पत्नी व बाळ घरी परतल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून घेऊ इच्छितो. प्रसूतीचा दिवस आधी निश्चित सांगता येत नसल्याने प्रत्यक्ष तारीख मी त्याच दिवशी कळवीन. माझ्याकडील कामांची यादी आणि ती कोण पाहील याचा तपशील सोबत जोडला आहे. कृपया रजा मंजूर करून तसे लेखी कळवावे, ही विनंती.”

या अर्जातील कामांची यादी हा सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण वरिष्ठांची खरी चिंता आपल्या रजेपेक्षा मागे पडणाऱ्या कामाची असते. यादी मोघम नसावी: कोणते बिल कोणत्या तारखेला निघते, कोणत्या ग्राहकाचा फोन येतो, कोणत्या फायली कोणत्या कपाटात आहेत, इतक्या बारकाईने लिहिलेली असली तर रजेत फोन येण्याचे प्रमाण फार घटते. “बाळंतपणात पुरुषाचे काय काम” असे कोणी म्हटले, तर वाद घालत बसू नये. रोहित शर्माने २०२४ च्या नोव्हेंबरात मुलाच्या जन्मासाठी पर्थची पहिली कसोटी सोडली आणि तो तर भारताचा कर्णधार होता, एवढे सांगून विषय बदलावा.

रजेनंतर कार्यालय जन्माचा दाखला मागते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाल्यास ते स्वतःच नोंद पाठवते, पण त्यांनी भरलेल्या अर्जातील आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे डिस्चार्जच्या आधी स्वतः तपासावे, कारण नंतरच्या दुरुस्तीत बराच वेळ जातो. दाखला जन्म जिथे झाला तिथला मिळतो, राहत्या पत्त्याचा नव्हे. वाशीच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची नोंद नवी मुंबई महापालिकेकडे, ठाण्यातल्या बाळाची ठाणे महापालिकेकडे, तर खारघर किंवा कामोठ्यातल्या बाळाची पनवेल महापालिकेकडे असते. बोलण्यात आपण खारघरला नवी मुंबईच म्हणतो, त्यामुळे तिथले पालक चुकीच्या कार्यालयात खेटे घालताना दिसतात. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. नाव नंतर घालता येते.

रजेच्या दिवसांत काय करावे, हेही आधी ठरलेले असावे. दूध पाजणे सोडून बाळाचे प्रत्येक काम वडिलांना येते. रात्री तीन वाजता बाळ उठले, तर त्याला उचलून आईजवळ द्यावे, पिऊन झाले की खांद्यावर उभे धरून पाठीवरून हात फिरवत ढेकर काढावी, दुपटे बदलावे आणि झोपवावे. म्हणजे आईला मधले दोन तास सलग मिळतात. पहिला आठवडा सरल्यावर बाळाला दिवसातून किमान सहा वेळा लघवी होते का, याची नोंद वडिलांनी ठेवावी, कारण दूध पुरते आहे की नाही हे त्यावरून कळते. त्वचा किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर “उन्हात धरा, जाईल” या सल्ल्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवावे. दीड महिन्याच्या लसींचा दिवस रजेत बसत असेल तर उत्तम. नसेल तर त्यासाठी एक किरकोळ रजा राखावी.

आणखी एक काम वडिलांनीच करायचे असते. घरातील वडीलधाऱ्यांना बाळाला मध चाटवायचा असतो, घुटी द्यायची असते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच देऊ नये, हे सुनेने सांगितले की ते उद्धटपणाचे ठरते. मुलाने आपल्या आईला शांतपणे सांगितले, तर बहुधा ऐकले जाते. पत्नी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिली, सारखी रडू लागली किंवा बाळाकडे पाहीनाशी झाली, तर तो हट्ट समजू नये आणि तिला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जावे.

रजा नाकारली गेली, तर कारण लेखी मागावे. धोरणात किंवा नेमणूकपत्रात रजा लिहिलेली असताना ती नाकारली असेल, तर त्या कलमाचा उल्लेख करून मनुष्यबळ विभागाला पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. मंजूर रजेचा पगार कापला गेला असेल आणि कंपनी दाद देत नसेल, तर मंजुरीचा ई-मेल, हजेरीचा तपशील आणि पगारपत्रक घेऊन ठाण्यातील कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. रजेच्या महिन्याचे पगारपत्रक हाती आल्यावर त्यात पितृत्व रजेचे दिवस अर्जित किंवा बिनपगारी म्हणून दाखवले नाहीत ना, हे त्याच आठवड्यात पाहावे. चूक असली तर पुढचा पगार निघण्याआधी दुरुस्त करून घेणे सोपे जाते.