दोघं खायला बाहेर पडताना: आदल्या रात्रीपासूनची तयारी

दोघांनी मिळून खायला बाहेर पडण्यात एक मोठी सोय आहे. एक पदार्थ मागवून अर्धा-अर्धा खाता येतो. एकट्याचं पोट तीन पदार्थांत भरतं, दोघांना तेवढ्याच भुकेत सहा चाखता येतात, आणि चौघं असले की वाट्याला एकेक घासच येतो. खालची सगळी तयारी या अर्ध्या-अर्ध्याच्या हिशेबावर बेतलेली आहे.

सुरुवात पिशवीपासून करू नका, बोलण्यापासून करा. आदल्या रात्री दहा मिनिटं बसा आणि कागदावर तीन रकाने पाडा: अजिबात चालत नाही, आवडत नाही पण चाखेन, आणि हे खायचंच. दोघांनी आपापलं वेगळं लिहायचं. एकमेकांचं बघून लिहिलं तर ‘तुला चालेल ते मला चालेल’ यातच कागद कोरा राहतो आणि दुसऱ्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी उभं राहून ‘तू सांग, नाही तू सांग’ सुरू होतं. ‘खायचंच’ या रकान्यात प्रत्येकी दोनच नोंदी. चार-चार झाल्या की खाणं राहतं बाजूला, नुसती हजेरी लावत फिरणं होतं.

ॲलर्जी असेल तर तिला कागदावर वेगळी जागा द्या. परक्या भाषेच्या गावात जात असाल तर तिथल्या भाषेत एक छोटी चिठ्ठी करून ठेवा: कोणता घटक, थोडासाही चालत नाही, आणि तो त्याच तेलात तळलेला किंवा त्याच चमच्याने ढवळलेला असला तरी चालत नाही. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. स्वयंपाकी शेंगदाणा न घालता पदार्थ करून देतो, पण कढई तीच असते. ‘मी खात नाही’ असं म्हटलं तर ती आवडनिवड समजली जाते, म्हणून ‘मला त्रास होतो, दवाखान्यात न्यावं लागेल’ असं स्पष्ट लिहा. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं तयार इंजेक्शन दिलं असेल तर दोन बरोबर हवीत. एकाने पाच-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं लागू शकतं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही देता येतं, आणि ते कसं द्यायचं हे जोडीदाराला आदल्या रात्रीच हातात धरून दाखवा. दिल्यावर बरं वाटलं तरी रुग्णवाहिका बोलवायचीच. इंजेक्शन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तापून ते निकामी होतं.

आता वेळ. मासळी आणि भाजीचा बाजार सकाळी लवकर भरात असतो. दुपारी तोच माल उरलेला असतो, स्वस्त असतो, पण निवड संपलेली असते. रेस्टॉरंटची वेळ बघताना दाराची वेळ बघू नका, स्वयंपाकघराची बघा. दहाला बंद होणाऱ्या ठिकाणी शेवटची ऑर्डर साडेनऊलाच, कधी त्याआधीही घेतली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी दुपारचं जेवण संपल्यावर संध्याकाळपर्यंत चूल बंद असते. आठवडी सुट्टी नकाशावर नेहमी बरोबर दिलेली नसते, म्हणून फोन करा. फोनवर विचारायचं एवढंच: आज चालू आहे का, शेवटची ऑर्डर किती वाजता, दोघांसाठी टेबल आहे का, आणि एक पदार्थ दोघांत घेतला तर चालेल का. काही ठिकाणी माणशी किमान ऑर्डर असते किंवा जास्तीच्या ताटाचे वेगळे पैसे लावतात. ते बिलात कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. दोघांचं टेबल बऱ्याचदा स्वच्छतागृहाच्या किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेलं असतं. तिथे नको असेल तर राखून ठेवतानाच सांगा, बसल्यावर उठवणं सगळ्यांनाच अवघड होतं.

थांबे ठरवताना पाच तासांत चार, यापुढे जाऊ नका. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि पहिल्या गाडीवर भुकेच्या भरात खाल्लेलं तिसऱ्या गाडीवर जाणवतं. म्हणून उपाशीपोटी निघू नका. निघण्याआधी थोडंसं, साधं काहीतरी खा. पहिल्या ठिकाणी कितीही आवडलं तरी एकच प्लेट. दुसरी मागवायचा मोह आवरत नसेल तर उलट्या पायी परत येता येतं, दुकान कुठे पळून जात नाही. क्रम सौम्यापासून तिखटाकडे ठेवा, कारण जीभ एकदा पोळली की नंतरचं सगळं सारखंच लागतं. तळलेले दोन पदार्थ लागोपाठ घेऊ नका, मध्ये चालायचा बाजार घाला. गोड शेवटी.

दोघांपैकी एकाला तिखट कमी चालत असेल तर पदार्थ त्याच्या मापाने मागवा आणि दुसऱ्याने तिखट वरून घ्यावं. उलटं करता येत नाही. तिखटातला कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याचे घोट घेऊन आग फक्त तोंडभर पसरते. दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन तो दाह खेचून घेतं.

पैशांसाठी एक सामाईक पाकीट करा. दोघांनी सारखी रक्कम घालायची आणि दिवसभर सगळं त्यातूनच द्यायचं. ‘मी देतो, मी देते’ हा वाद गल्ल्यासमोर घातला की मागची रांग चिडते. पाकिटात लहान नोटा आणि नाणी भरपूर ठेवा. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडून मोठी नोट घेऊन सुटे कुठून आणणार तो गाडीवाला? फोनवरून पैसे देत असाल तरी रोख हवीच, कारण बाजाराच्या आतल्या गल्लीत नेटवर्क जातं. परदेशात कार्ड घासताना यंत्र विचारतं: तुमच्या चलनात की इथल्या चलनात? इथल्या चलनात, हेच उत्तर द्यायचं. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्या सोयीचा दर यंत्रवाला लावतो आणि तो बहुधा महाग पडतो. नकाशा फोनवर उतरवून घ्या, तोही दोघांच्या फोनवर.

मग पिशवी. घट्ट झाकणाचे अर्ध्या लिटरचे दोन डबे, दोन चमचे, एक बोथट टोकाची सुरी (विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या सामानात नको), दोन सुती पिशव्या, एक थंडपणा टिकवणारी पिशवी आणि तिच्यासाठी रात्रभर गोठवलेले दोन बर्फाचे पॅक. पॅक तळाशी घालायची सवय असते. एक तरी वर ठेवा, थंड हवा खाली उतरते. पिशवी अर्धी रिकामी राहिली तर फडकं कोंबून जागा भरा, पोकळीतली हवा बर्फ लवकर वितळवते. साबणाची छोटी वडी किंवा कागदी साबण घ्याच. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा असावा, पण तेलकट हातांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो कच्चाच पडतो. पाणी मिळेल तिथे साबण लावून वीस सेकंद हात चोळणं हाच खरा उपाय. शिवाय पिण्याचं पाणी, कोरडा टॉवेल, कचऱ्याची पिशवी, कागदी पट्टी आणि पेन. पट्टी कशासाठी ते पुढे येईल. कपडे गडद रंगाचे आणि कमरेला सैल. मासळी बाजारात जमीन ओली आणि निसरडी असते, तेव्हा पकड असलेले बंद बूट.

औषधांत रोजच्या गोळ्या, आम्लपित्ताची गोळी आणि ओआरएसच्या दोन-तीन पुड्या पुरेत. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर ते अपायकारक ठरतं. जुलाब थांबवणारी गोळी जवळ असली तरी ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर ती घ्यायची नाही, डॉक्टर गाठायचा.

गाडी किंवा खानावळ निवडताना गर्दी बघतातच, पण गर्दीचं कारण बघा. माल झपाट्याने संपतोय आणि समोर ताजा होतोय, तर गर्दी चांगली. सकाळी तळून ठेवलेला डोंगर संपवायला रांग लागली असेल तर त्या रांगेचा उपयोग नाही. जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या टप्प्यात भराभर वाढतात. म्हणून गरम पदार्थ वाफाळता हवा, गार पदार्थ खरंच गार हवा. कोमट हा एकच प्रकार नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताकडे विशेष लक्ष द्या. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट पडून राहिला की त्यांच्यापासून वाढलेले जंतू विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. बांगडा किंवा ट्यूना खाताना जिभेला मिरीसारखं चुणचुणलं तर घास तिथेच थांबवा. मासा उबेत राहून त्यात हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार झालेलं असतं, आणि तेही शिजवून जात नाही. पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळा आहे का, कच्चं मांस आणि तयार पदार्थ एकाच फळीवर कापतायत का, बर्फ कुठल्या पाण्याचा, चटणी उघड्या भांड्यात कधीपासून आहे, हे रांगेत उभ्याउभ्या दिसतं. एकाने रांगेत थांबावं, दुसऱ्याने कडेने जाऊन हे बघून यावं.

कच्चे शिंपले, कच्चा मासा, असं जोखमीचं काही चाखायचंच असेल तर त्या दिवशी दोघांनी खाऊ नका. दोघं एकदम आडवे झाले तर औषध आणणार कोण? गाडी चालवणारा कोण आणि त्यामुळे मद्य घेणार नाही तो कोण, हेही निघतानाच ठरवून टाका. दोघांतली एक गरोदर असेल तर कच्चा मासा आणि पाश्चरायझेशन न केलेल्या दुधाचं मऊ चीज तिच्यासाठी यादीतून बाद.

बाजारात खरेदीचा क्रम उलटा केला की घरी चेंदामेंदा पोचतो. आधी सुकं, मग जड, मग नाजूक, आणि गार ठेवायचं अगदी निघताना. ताजी मासळी सरळ घरी जाणार असाल तरच घ्या. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, वास समुद्राचा. भाव विचारताना किलोचा की नगाचा हे आधी बोला आणि वजन करताना काटा शून्यावर आहे का ते बघा. घासाघीस एकानेच करावी. जोडप्यांचा सौदा फसतो तो इथेच: एक जण ‘नको, महाग आहे’ म्हणत असतो आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ‘हेच हवं होतं’ लिहिलेलं असतं. दुकानदाराला चेहरा आधी वाचता येतो. चाखून बघायचं तर विचारून, फोटोही विचारून, आणि गिऱ्हाइकांची गर्दी असताना दोन्ही नाही.

दोघांच्या घरात किती संपतं हे विसरून खरेदी होते. दळलेले मसाले ५० ते १०० ग्रॅम पुरेत, काही महिन्यांत त्यांचा वास उडतो. सीमा ओलांडायची असेल तर मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं आणि बियाणं यांवर अनेक देशांत बंदी आहे. आधी त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाचे नियम वाचा. विमानात लोणचं, मुरंबा, पेस्ट हे द्रवात धरतात, आणि हातातल्या सामानात पुष्कळ विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. ते सामानात खाली द्या.

टेबलावर बसल्यावर सगळं एकदम मागवू नका. एक सुरुवातीचा, एक मुख्य पदार्थ, मग पुन्हा मेन्यूकार्ड मागा. दोघांचं टेबल छोटं असतं, पाच ताटल्या आल्या की दोन गार होतात. ताट केवढं येतं ते विचारा. मासा किंवा मांस वजनावर असेल तर ‘याचे सगळे मिळून किती?’ हे शिजायच्या आधी विचारा. बिल आल्यावर सेवाशुल्क लावलं आहे का ते बघा आणि त्यानुसार बक्षिसी ठरवा.

उरलेलं डब्यात भरलं की पट्टीवर पदार्थ आणि वेळ लिहून चिकटवा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये पोचणार नसेल तर बांधून घेऊ नका. पोचलं तर तीन-चार दिवसांत, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. आणि कुणाचं पोट बिघडलं तर शेवटी खाल्लेल्या पदार्थावर लगेच बोट ठेवू नका: काही विषं अर्ध्या तासात उलटी आणतात, तर साल्मोनेला हा जंतू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. अशा वेळी डब्यावरच्या पट्ट्या डॉक्टरांना उपयोगी पडतात. दोघांनी काय वेगवेगळं खाल्लं तेही सांगा.