उसाचं बिल जमा झालं की करायची तयारी

बिल खात्यावर जमा झालं की आधी काटा पावत्या काढा आणि बिलाशी ताडून बघा. टनेज, तोडणी-वाहतुकीची कपात, सोसायटीची कपात, सगळं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर द्यायचा, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा नियम आहे. तरी त्या तारखेच्या भरवशावर कुणाला पैशाचा शब्द देऊ नका.

पहिलं देणं पीक कर्जाचं. सोसायटीचं ५ लाखांपर्यंतचं पीक कर्ज कर्नाटकात बिनव्याजी आहे, पण मुदतीत फेडलं तरच. तारीख हुकली की सवलत गेली. कर्ज अंगावर ठेवून एफडी करणाऱ्यांचं गणित मला कधीच पटलेलं नाही. शाळेची फी, बी-खत, पावसाआधीची घराची डागडुजी आणि गणपती एवढ्याला लागणारे पैसे बचत खात्यातच राहू द्या. ते मुदतीत अडकवलेत तर ऑगस्टमध्ये दागिने गहाण ठेवायची पाळी येते.

उरलेल्याची ठेव. जादा व्याज देणाऱ्या सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था आपल्या सीमाभागात निपाणीपासून खानापूरपर्यंत आहेत, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला तर रोज दारात येतो, ओळखीचाच असतो. पण बँकेतल्या ठेवीला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा असतो, एका माणसाला एका बँकेत. सहकारी बँकेलाही तो आहे. सौहार्दला नाही, पतसंस्थेला नाही. दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी पुंजी तिकडे नेऊ नका.

आता नॉमिनी. मागच्या खेपेला आमच्या घरात नेमकं हेच राहिलं. वडिलांच्या ठेवीच्या पावतीवर ती ओळ कोरी होती, आणि ते गेल्यावर आईला वारसाचे कागद गोळा करत महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागले. तेव्हा नॉमिनी लावा. बचत खात्याला लावलं म्हणजे एफडीला आपोआप लागलं असं समजू नका, प्रत्येक ठेवीला वेगळं बघा. अंगठा उठवणारं माणूस असेल तर दोन साक्षीदार सोबत न्या. नॉमिनी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असेल तर पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लागतं. आणि घरात आधीच सांगून ठेवा की नॉमिनी पैसे हातात घेतो, मालकी मात्र वारसांचीच राहते. नाहीतर भावाभावांत भांडणं लागतात.

नॉमिनीचं नाव आधारवर आहे तसंच लिहा, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. बायको चंदगडची, शाळेचा दाखला महाराष्ट्राचा, रेशन कार्ड कन्नडमध्ये. सुनीता इंग्रजीत लिहिताना इकडचा कारकून 'टी'पुढे 'एच' घालतो, तिकडच्या दाखल्यावर तो नसतो. त्यात एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं. ठेव ठेवताना कुणी अडवत नाही, पैसे काढायच्या वेळी अडवतात. दुरुस्ती करायची तर आत्ताच करा, ठेव आठवडाभर थांबली तरी चालेल. पावती हातात आली की काउंटरवरून हलू नका, नॉमिनीची नोंद आहे का ते तिथेच वाचा. "नंतर करून देतो" म्हणाले तरी थांबा.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर ४५६ रुपये असू द्या. त्यातले ४३६ पंतप्रधान जीवनज्योती या आयुर्विम्याचे, २० पंतप्रधान सुरक्षा या अपघात विम्याचे, प्रत्येकी २ लाखांचं संरक्षण. जीवनज्योतीत १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं. शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. याही विम्याला नॉमिनी आहे, तो कोण लिहिलाय ते विचारून घ्या.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी हे मुलीच्या नावचं बचत खातं, वर्षाला २५० रुपयांपासून चालते. भिशी ओळखीतलीच आणि लहान. सोनं घेतलं तर पक्की पावती. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पासबुकं, पावत्या, पॉलिसी एका पिशवीत घाला आणि ती कुठे आहे ते बायकोला दाखवा. जुन्या एफड्याही त्याच दिवशी काढून बघा, त्यांच्यावर नॉमिनी आहे का ते.