कार्बन मोनॉक्साइडवर जीवाणू वाढवायचे तर

लॅबमध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना आधी सिलिंडरपाशी नेत नाही, भिंतीवरच्या अलार्मपाशी नेते. आमचा ३५ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) ओरडतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून माणसं कशी दगावतात ते आठवा. आपल्या बाटल्यांना सडक्या अंड्याचा वास असतो, म्हणून ‘वास नाही म्हणजे गळती नाही’ असं पोरांना वाटतं. साफ चूक. शिवाय तो वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड शंभर पीपीएमच्या पुढे गेला की नाकच बधिर होतं. सगळं काम फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), आणि रात्री एकट्याने अजिबात नाही.

जीवाणू घ्यायचा तो डिसल्फोटोमॅक्युलम कार्बोक्सिडिव्होरान्स. कागद गिरणीच्या सांडपाण्याच्या रिॲक्टरमधल्या गाळातून तो मिळाला, २००५ साली त्याचं वर्णन छापून आलं. बहुतेक सल्फेट-क्षपणक (सल्फेटचं सल्फाइड करणाऱ्या) जीवाणूंना हा वायू थोडा जास्त झाला तरी झेपत नाही, कारण तो त्यांच्या हायड्रोजनेज एन्झाइमला जखडून ठेवतो. हा पठ्ठ्या मात्र शंभर टक्के कार्बन मोनॉक्साइडखाली वाढतो. त्याला ५५ अंश तापमान आणि ७ च्या आसपास पीएच लागतो.

त्याचं जेवण दोन पंगतींत होतं. आधी कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्यापासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. मग त्या हायड्रोजनचा काही भाग वापरून सल्फेटचं सल्फाइड. सल्फेट दिलंच नाही तरी पहिली पंगत उठते, आणि सगळा हायड्रोजन बाटलीत साठतो.

मीडियममध्ये, म्हणजे जीवाणूंच्या खाद्याच्या द्रावणात, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट हवंच, त्यावाचून सल्फेटवर हा वाढत नाही. सल्फेट २० मिलिमोलर पुरे. रेझाझुरिन घाला, ऑक्सिजन उरला असेल तर ते गुलाबी दिसतं. मीडियम उकळून नायट्रोजनखाली गार करा, बाटल्यांत भरून ब्यूटिल रबराची जाड बुचं क्रिंप करा. साध्या रबरातून ऑक्सिजन झिरपतो, आणि तो याला चालत नाही. शेवटी, उरलासुरला ऑक्सिजन घालवायला, सोडियम सल्फाइड. गुलाबी रंग पूर्ण गेल्याशिवाय विरजण लावायचं नाही. (इनॉक्युलमला आमच्याकडे विरजणच म्हणतात.) बाटलीत द्रवावरच्या मोकळ्या जागेत कार्बन डायऑक्साइड ठेवणार नसाल तर बायकार्बोनेटऐवजी फॉस्फेट बफर घ्या, नाहीतर पीएच वर सरकतो.

आता निकेल. कार्बन मोनॉक्साइड पचवणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात लोह-गंधकाच्या जोडीला निकेल असतं. एकदा ट्रेस एलिमेंटचं (कणभरच लागणाऱ्या धातूंचं) द्रावण करताना माझ्याकडूनच ते राहिलं. पहिल्या फेरीत वाढ छान, दुसरीत जरा मंद, तिसरीत ठप्प. तीच कल्चर कार्बन मोनॉक्साइडऐवजी पायरुवेट (एक सेंद्रिय खाद्य) दिलं की मात्र मजेत. महिनाभर मी बुचांना शिव्या देत होते.

१२० मिलिलिटरच्या बाटलीत द्रव ५० च घ्या. उरलेल्या ७० मध्ये साधारण २.९ मिलिमोल वायू मावतो. चार रेणू कार्बन मोनॉक्साइडमागे सल्फेटचा एक, म्हणजे ०.७ मिलिमोल, आपण १ दिलंय. खरी अडचण पाण्याची. त्यात हा वायू लिटरला जेमतेम १ मिलिमोल विरघळतो, गरम पाण्यात त्याहूनही कमी. म्हणजे बाटलीतला दोन टक्के वायूसुद्धा जीवाणूंच्या तोंडाशी नसतो. म्हणून बाटली आडवी ठेवून शेकरवर हलवायची. उभी ठेवून ‘वाढत नाही’ म्हणणारे दरवर्षी दोघं-तिघं असतातच.

विरजण पायरुवेटवरचं असेल तर एकदम शंभर टक्क्यांत टाकू नका. आधी २० टक्के, मग ५०, मग पूर्ण. प्रत्येक वेळी वाढ दिसली की दहावा हिस्सा पुढच्या बाटलीत. भरताना दाब वातावरणाइतकाच ठेवा. पुढे एका रेणूचे दोन होतात आणि दाब वाढत जातो.

तो दाबच पहिली बातमी देतो. आधी चढतो, मग सल्फेट हायड्रोजन खायला लागलं की उतरतो. न चढता नुसताच उतरला तर सुईचं भोक तपासा. खात्रीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र), मॉलिक्युलर सीव्ह कॉलम, वाहक वायू आर्गॉन. हीलियम घेतलात तर आलेखावर हायड्रोजनचं टोक नीट दिसणार नाही. हायड्रोजन सगळ्यांआधी बाहेर पडतो, कार्बन मोनॉक्साइड शेवटी, तेव्हा घाईने रन थांबवू नका. सल्फाइड मेथिलीन ब्लूच्या रंगचाचणीने मोजा. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. मीडियममध्ये लोह असेल तर आपणच घातलेल्या सल्फाइडनेही ते काळवंडतं.

जोडीला तीन बाटल्या हव्यातच: विरजणाशिवाय एक, सल्फेटशिवाय एक, आणि कार्बन मोनॉक्साइडऐवजी नायट्रोजनची एक. शेवटचीच लोक गाळतात, आणि मग यीस्ट एक्स्ट्रॅक्टवरची वाढ वायूच्या नावावर खपवतात.

काम झालं की हूडमध्ये सुई टोचून दाब सोडा, नायट्रोजन फिरवा, सल्फाइड धरून ठेवायला झिंक ॲसिटेट घाला, मग ऑटोक्लेव्ह. ॲसिड ओतायचं नाही.