उमेदवाराची धर्मश्रद्धा मत देताना कशी तोलावी

निवडणूक जवळ आली की आपल्या भागातील इच्छुक उमेदवार एकाएकी फार भाविक होतात. आषाढीच्या दिंडीत चार पावले चालल्याचे फलक लागतात, रमजानमध्ये इफ्तारच्या पंगती बसतात आणि महिला मतदारांसाठी शिर्डीच्या किंवा अष्टविनायकाच्या मोफत बसगाड्या सुटतात. हे पाहून काहीजण म्हणतात की माणूस देवधर्म पाळणारा आहे, म्हणजे चांगलाच असणार. तर काहींच्या मते उमेदवाराच्या श्रद्धेचा विचार करणेच गैर आहे. मला ही दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात. उमेदवार कोणापुढे हात जोडतो याच्याशी मतदाराला कर्तव्य नसावे. परंतु पद हाती आल्यावर त्या श्रद्धेपोटी तो इतरांसाठी काय करील आणि इतरांना काय करू देणार नाही, हे मात्र मत देण्याआधी शोधून काढले पाहिजे.

आरंभ कागदपत्रांपासून करावा. नामनिर्देशनपत्रासोबत उमेदवार नमुना 26 मधील शपथपत्र देतो आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. त्यात फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती असते. धर्माचा रकाना नसतो. फौजदारी प्रकरणांचा भाग मात्र बारकाईने वाचावा, कारण धार्मिक तेढ वाढवल्याचा गुन्हा नोंदलेला असल्यास तो तेथे दिसतो. अर्थात, आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे वाचताना विसरू नये. धर्म हा पात्रतेचा प्रश्न होतो तो केवळ अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागांवर. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी अशा 29 आहेत, आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तेथील उमेदवार हिंदू, शीख किंवा बौद्ध असावा लागतो. बौद्धांचा समावेश 1990 मध्ये झाला. ती तपासणी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने करायची असते. मतदाराने त्यात पडण्याचे कारण नाही.

यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. ज्या पदासाठी निवडणूक आहे त्या पदाचा धर्माशी नेमका कोठे संबंध येतो, हे पाहावे. आमदार कायदे करतो आणि त्यांतील काही कायदे थेट देवळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतात. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणारा कायदा या राज्यात 1956 मध्ये झाला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावे की नाही, हा वाद 2016 मध्ये पेटला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच कायद्याच्या अंमलबजावणीकडे बोट दाखवले. पंढरपूरच्या मंदिरासाठी 1973 चा आणि शिर्डीच्या संस्थानासाठी 2004 चा स्वतंत्र कायदा आहे. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा अनेक वर्षे रखडला होता आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, 2013 मध्ये, अखेर झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा आहे. उमेदवार प्रचाराला दारी आला की या कायद्यांविषयीच विचारावे: जादूटोणाविरोधी कायदा आहे तसा ठेवावा, कडक करावा की रद्द करावा? जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले तर आपण पोलीस ठाण्यात त्या कुटुंबाबरोबर याल का? देवस्थानाच्या विश्वस्त मंडळावर नेमणुका करताना काय पाहाल? ‘आपण देव मानता का?’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. वरील प्रश्नांना मात्र विचार करून उत्तर द्यावे लागते आणि जो उत्तर टाळतो तोही आपल्याला काहीतरी सांगून जातो.

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावे. एकच प्रश्न दोन धर्मांच्या संदर्भात विचारावा. शनिशिंगणापूरचा निकाल आला त्याच वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्कही उच्च न्यायालयाने मान्य केला. जो उमेदवार एका ठिकाणी परंपरेची थोरवी सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी समतेची, त्याचे तत्त्व कोणते हे समजण्यास फार वेळ लागत नाही. हीच फूटपट्टी मतदाराने स्वतःलाही लावावी, आणि ते अधिक अवघड आहे: आपल्या धर्माच्या उमेदवाराचे जे वाक्य आपल्याला निरुपद्रवी वाटले, तेच दुसऱ्या धर्माच्या उमेदवाराच्या तोंडी घालून पुन्हा वाचावे. नास्तिक उमेदवारालाही हीच कसोटी लागू होते. राज्यघटनेने त्याला ईश्वरसाक्ष शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा दिलेली आहे, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु भाविकांची टिंगल करणारा माणूस वारीच्या वाटेवरील पाणी आणि शौचालये यांची व्यवस्था मनापासून करील का, असे विचारण्याचा हक्क मतदाराला आहेच.

कायद्याची रेषा कोठे आहे, हेही माहीत असावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार ठरतो. विलेपार्ले मतदारसंघातील 1987 च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू यांची निवड याच कारणाने रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तो निर्णय कायम ठेवला, आणि पुढे प्रचारातील भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की ‘हिंदुत्व’ हा शब्द उच्चारला एवढ्यावरून धर्माच्या नावे मत मागितले असे होत नाही. सांताक्रूझमधील 1990 च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माचा आधार घेणेही निषिद्ध ठरवले. ही वर्षे मुद्दाम पाहावीत. विलेपार्ल्याचा अंतिम निकाल लागला तेव्हा त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती, आणि सांताक्रूझच्या प्रकरणातील कायद्याचा अर्थ ठरायला 27 वर्षे लागली. न्यायालय पुढे निवाडा करीलच, या भरवशावर बसलेल्या मतदाराला पाच वर्षे तोच आमदार मिळतो.

याच कलमातील आणखी एक तरतूद ग्रामीण मतदाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मत न दिल्यास दैवी कोप होईल अशी भीती घालणे हा मतदारावरील गैरवाजवी दबाव मानला जातो. पैशांचे पाकीट देऊन बेलभंडारा उचलायला लावण्याचा, किंवा ग्रामदेवतेसमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावण्याचा प्रकार या तरतुदीत आणि लाचेच्या तरतुदीत, दोन्हींत बसू शकतो. कोणी अशी शपथ मागितल्यास शक्य तेवढा पुरावा जपून ठेवावा आणि आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर तक्रार नोंदवावी. प्रार्थनास्थळातून प्रचार करण्यास आचारसंहितेतही मनाई आहे. निकालानंतर निवडणूक याचिका दाखल करण्याचा हक्क पराभूत उमेदवाराप्रमाणे मतदारसंघातील कोणत्याही मतदारालाही आहे; मात्र ती विजयी उमेदवार घोषित झाल्यापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावी लागते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग वेगळ्या कायद्यांखाली घेतो, म्हणून तेथील तक्रार त्या आयोगाच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे करावी.

आणि दबावाखाली शपथ घेऊन बसलेल्या एखाद्या आजीबाई घरात असतील, तर मतदान गुप्त असते, आपण कोणते बटण दाबले हे त्या पाकीटवाल्याला कळण्याचा मार्ग नाही, एवढे त्यांना आदल्या रात्री शांतपणे समजावून सांगावे.